वाचक विचारतात : मुदतींचे वर्ष आणि डोंगराचे वर्ष

प्रश्न : मी राज्य शासनाचा निवृत्त कर्मचारी असून साताऱ्यात राहतो. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर मुलाकडे नागपूरला गेला आणि दिवाळीनंतर देऊ, असे म्हणत हयातीचा दाखला द्यायचा राहून गेला. पुढे निवृत्तिवेतन थांबले आणि बँकेत खेटे घालावे लागले. यंदा नातवंडे येणार असून त्यांना कासचे फुलांचे पठार आणि वासोटा किल्ला दाखवायचा आहे. दरवर्षीच्या मुदती आणि या ठिकाणांचे दिवस यांचा मेळ कसा घालावा? (एक वाचक, सातारा)

उत्तर : चूक ‘दिवाळीनंतर’ या शब्दात आहे. सरकारी मुदती इंग्रजी तारखांना बांधलेल्या असतात आणि दिवाळी तिथीवर चालते. लक्ष्मीपूजन २०२३ साली १२ नोव्हेंबरला, २०२४ साली १ नोव्हेंबरला आणि २०२५ साली २१ ऑक्टोबरला आले. अशा सरकत्या सणाला मुदतीची खूणगाठ बांधली, तर एखाद्या वर्षी ती सुटणारच. पावसाची नक्षत्रे मात्र सूर्यावर मोजली जात असल्यामुळे एखाद्या दिवसाच्या फरकाने दरवर्षी त्याच तारखांना लागतात. म्हणून ज्या पिढीला मृग, आश्लेषा, उत्तरा तोंडपाठ आहेत, तिने पावसाळ्यातल्या मुदती नक्षत्रांवरून लक्षात ठेवाव्यात, असे आम्ही सुचवतो.

आपल्या दाखल्याची मुदत १ ते ३० नोव्हेंबर अशी असते. कोषागाराकडून बँकेत आलेल्या यादीत आपल्या नावापुढे स्वाक्षरी करणे हा जुना मार्ग आजही चालतो. परंतु परगावी असताना आधारशी जोडलेल्या ‘जीवन प्रमाण’ प्रणालीतून, मोबाईलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, म्हणजे नागपुरात बसूनही आपले काम झाले असते. थांबलेली रक्कम बुडत नाही, दाखला पोहोचल्यावर ती थकबाकीसह मिळते. शेजाऱ्यांचे पाहून आपली तारीख ठरवू नये, कारण केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील निवृत्तांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, तर भविष्य निर्वाह निधीच्या निवृत्तिवेतन योजनेतील व्यक्तीने वर्षात केव्हाही दिलेला दाखला तेथून १२ महिने चालतो.

प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याची पगारदार व निवृत्तांसाठीची नेहमीची मुदत ३१ जुलै, म्हणजे पुष्य नक्षत्राचे शेवटचे दिवस. २०२५ साली ती सप्टेंबरपर्यंत वाढली होती, पण मुदतवाढ गृहीत धरू नये. उशिरा भरल्यास ५,००० रुपयांपर्यंत शुल्क पडते. उत्पन्न ५ लाखांपर्यंत असल्यास ते १,००० रुपयांवर थांबते.

आता कासकडे वळू. हे पठार साताऱ्याहून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मीटर उंचीवर आहे, आणि तिथला जांभा खडक मातीच्या इतक्या पातळ थराखाली आहे की, झाडे रुजत नाहीत. पावसाने साचलेल्या ओलीवर वनस्पतींना दोन-अडीच महिन्यांत उगवणे, फुलणे आणि बी धरणे उरकावे लागते. मातीत पोषण कमी म्हणून सीतेची आसवे आणि दवबिंदू यांसारख्या वनस्पती किडे पकडून ती उणीव भरून काढतात. नातवंडांना हेच आधी दाखवा, रंग ती स्वतः पाहतील. हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन ऑक्टोबरात ओसरतो, तरी खरी फुले पूर्वा आणि उत्तरा नक्षत्रांत, म्हणजे ३० ऑगस्ट ते २६ सप्टेंबरच्या सुमारास, आणि तीही पावसाने दोन-चार दिवस उघडीप दिली तर. दररोज सुमारे ३,००० पर्यटकांची मर्यादा असल्यामुळे नोंदणी आधी करावी आणि शनिवार-रविवार टाळावेत. टोपली कारवी हे झुडूप सात वर्षांतून एकदा फुलते, तेव्हा ती दिसली नाही म्हणून कोणी फसवल्याची भावना करून घेऊ नये!

कास आणि वासोटा एकाच सहलीत बसत नाहीत. वासोटा कोयना अभयारण्यात आहे. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून बोटीने जावे लागते, वन विभागाची परवानगी घ्यावी लागते आणि पावसाळ्यात साधारण १५ जून ते १५ ऑक्टोबर तिथला प्रवेश बंद असतो. नातवंडे सप्टेंबरात आली तर कास, नाताळच्या सुट्टीत आली तर वासोटा. त्यातही हिवाळा पत्करलात, तर खटाव तालुक्यातील मायणीच्या तलावावर पट्टकादंब आणि रोहित (फ्लेमिंगो) हे पक्षी पाहण्याची संधी त्याच दिवसांत असते. तलावात पाणी किती आहे, याची चौकशी मात्र निघण्यापूर्वी करावी.

प्रश्न : माण तालुक्यात माझी थोडी जमीन आहे, मी मुंबईत नोकरी करतो. सातबाऱ्यावर पिकाची नोंद मोबाईलवरून करायची ती पीक पाहणी दरवर्षी राहते. ती इथून भरता येईल का? (एक वाचक)

उत्तर : नाही. पिकाचे छायाचित्र त्याच गटात उभे राहून काढावे लागते. खरिपाची नोंद साधारणतः १ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर, म्हणजे आश्लेषा लागताना सुरू होऊन उत्तरा लागताच संपते. रब्बीची १ डिसेंबर ते १५ जानेवारी. माणदेशात रब्बी ज्वारीला महत्त्व असल्यामुळे आपल्याला दुसरी मुदत अधिक कामाची आहे, आणि संक्रांतीला गावी येण्याचा रिवाज असेल, तर तेव्हा एकच दिवस हातात राहतो हे ध्यानात घ्यावे. शिवारात रेंज नसल्यास माहिती मोबाईलमध्ये साठवून रेंजमध्ये आल्यावर पाठवता येते. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर गावात नेमलेले सहायक उरलेल्या गटांची पाहणी करतात, पण त्यांच्यावर विसंबून राहणे आम्हाला शहाणपणाचे वाटत नाही, कारण सातबाऱ्यावर पीक चुकीचे लागले किंवा रकाना कोराच राहिला, की नुकसानभरपाई आणि हमीभावाची खरेदी अशा दोन्ही ठिकाणी तुम्हालाच खुलासे करत बसावे लागते.

प्रश्न : मुलीच्या प्रवेशासाठी नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र केव्हा काढावे? (एक पालक, कराड)

उत्तर : एप्रिल उजाडताच. या प्रमाणपत्राची वैधता ३१ मार्चला संपते, त्यामुळे फेब्रुवारीत घाईने एका वर्षाचे काढून ठेवल्यास प्रवेशाच्या वेळी, म्हणजे जूनमध्ये, ते निरुपयोगी ठरू शकते. तीन आर्थिक वर्षांचे उत्पन्नाचे पुरावे जोडून तीन वर्षांचे प्रमाणपत्र मागता येते. अर्ज मेअखेरपर्यंत लांबवू नये, कारण निकाल लागल्यावर सेतू केंद्रात उभे राहायला जागा नसते.