मेलोड्रामा, न्वार आणि ‘मिश्रण’ : एका वाक्यातले तीन शब्द

प्रश्न असा आला आहे : ‘“मिल्ड्रेड पिअर्स” या १९४५ च्या हॉलिवूडपटावर मी रसग्रहणपर लेख लिहीत आहे. “हा चित्रपट म्हणजे अतिनाट्य आणि कृष्णपट यांचे सुरेख मिश्रण होय” असे पहिले वाक्य लिहिले, परंतु ते माझे मलाच खटकते. मेलोड्रामा आणि फिल्म न्वार यांसाठी मराठीत याहून बरे शब्द आहेत का?’

वाक्य खटकते ते योग्यच आहे. मात्र माझ्या मते त्यात अडचणीचे शब्द दोन नसून तीन आहेत, आणि ज्याविषयी प्रश्नकर्त्यांनी विचारलेलेच नाही तो तिसरा शब्द, म्हणजे ‘मिश्रण’, सर्वांत जास्त दिशाभूल करणारा आहे. त्याकडे शेवटी येतो.

आधी ‘अतिनाट्य’. मेलोड्रामासाठी, म्हणजे भावनांचा कल्लोळ मुख्य असलेल्या नाट्यासाठी, मराठी समीक्षेत हा शब्द बराच काळ वापरात आहे आणि त्याची घडण निर्दोष आहे. दोष आहे तो त्यातल्या ‘अति’ला आपल्या कानांनी चिकटवलेल्या अर्थाचा. अतिवृष्टी, अतिक्रमण, अतिरेक, अतिप्रसंग अशा शब्दांच्या रांगेत बसलेले अतिनाट्य हे ऐकणाऱ्याला प्रमाणाबाहेर गेलेलेच वाटणार, कारण ‘अति तेथे माती’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हणजे चित्रपटाचे कौतुक करायचे आणि ज्या शब्दात करायचे त्याच शब्दात त्याच्यावर ठपकाही ठेवायचा, असा हा प्रकार होतो. वास्तविक संस्कृत साहित्यशास्त्रात अतिशयोक्ती हा एक मानाचा अलंकार आहे. कवीने ती साधली तर त्याची वाहवाच होते. पण रोजच्या मराठीत ‘तुम्ही अतिशयोक्ती करता’ हा आरोप झाला, आणि अतिनाट्याच्या वाट्याला नेमके तेच आले. अतिशयोक्ती जशी अलंकार म्हणून वाचता येते तसे अतिनाट्यही एक शैली म्हणून वाचता आले असते. तसा वापर रुजला मात्र नाही. ‘नाटकी’ आणि ‘भडक’ हे शब्द तर उघडच दूषणाचे आहेत, त्यामुळे ते येथे विचारात घेण्याचे कारण नाही.

मूळ शब्दात असला काही ठपका नव्हता. ग्रीक ‘मेलोस’ म्हणजे गीत किंवा सूर; त्याला ‘ड्रामा’ जोडून फ्रेंच भाषेत हा शब्द अठराव्या शतकात घडला, आणि संगीताच्या साथीने चालणारे नाट्य एवढाच त्याचा अर्थ होता. शब्दशः भाषांतर करायचे तर ते ‘संगीत नाटक’ असे होईल. पण अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’पासून मराठीत त्या नावाने एक स्वतंत्र आणि समृद्ध परंपरा उभी असल्याने तो मार्ग केव्हाच बंद झाला आहे. तरीही व्युत्पत्तीतला हा ‘मेलोस’ रसग्रहण लिहिणाऱ्याने विसरू नये. ‘मिल्ड्रेड पिअर्स’ला मॅक्स स्टायनर यांचे संगीत आहे, आणि मिल्ड्रेडच्या ओठांवर न आलेले पुष्कळसे तिथल्या तंतुवाद्यांनी बोलून टाकलेले आहे. मेलोड्रामा या नावाचा जुना अर्थ तिथे अक्षरशः ऐकू येतो.

आता एक गंमतीची आणि थोडी गोंधळात टाकणारी गोष्ट. ज्या काळात हा चित्रपट आला त्या काळात हॉलिवूडच्या व्यवसायातील नियतकालिके ‘मेलोड्रामा’ हा शब्द आज आपण वापरतो त्या अर्थाने सहसा वापरत नव्हती. स्टीव्ह नील या अभ्यासकाने १९९३ मध्ये ही नियतकालिके तपासून दाखवून दिले की खून, पाठलाग, पिस्तुले आणि पोलिस असलेल्या थरारक चित्रपटांना तेथे मेलोड्रामा म्हटले जाई. आई, मुलगी, त्याग आणि अश्रू यांच्या चित्रपटांना ‘वुमन्स पिक्चर’ असे निराळे नाव होते. चित्रपट-अभ्यासकांनी, विशेषतः १९७० नंतरच्या दशकात, कौटुंबिक भावनांच्या या चित्रपटांना गंभीरपणे घेतले आणि मेलोड्रामा हे नाव त्यांच्याकडे सरकवले. म्हणजे ज्या खूनपटांना आपण आज न्वार म्हणतो, त्यांनाच त्या वेळी मेलोड्रामा म्हणत असत! १९४५ च्या एखाद्या बातमीदाराला ‘मेलोड्रामा आणि न्वार यांचा मिलाफ’ असे सांगितले असते तर पहिला शब्द त्याने नेमका उलट अर्थाने घेतला असता आणि दुसरा त्याने ऐकलेलाच नसता.

ऐकलेला नसता, कारण ‘फिल्म न्वार’ ही संज्ञा या चित्रपटांना लागली ती १९४६ मध्ये आणि पॅरिसमध्ये. महायुद्धात फ्रान्समध्ये अमेरिकी चित्रपट येत नव्हते. युद्ध संपल्यावर साचलेले चित्रपट एकदम दाखल झाले आणि त्यांतल्या काळोख्या, कडवट गुन्हेकथा पाहून निनो फ्रांक या समीक्षकाने त्यांना हे नाव दिले. गालिमार या प्रकाशनसंस्थेने १९४५ मध्ये सुरू केलेल्या ‘सेरी न्वार’ या गुन्हेकादंबऱ्यांच्या मालेमुळे ‘न्वार’ हा शब्द तेव्हा वाचकांच्या तोंडी होताच. १९५५ मध्ये बोर्द आणि शोमतों या फ्रेंच समीक्षकांनी त्यावर पूर्ण पुस्तक लिहिले. हॉलिवूडच्या दिग्दर्शकांनी आपण न्वार करीत आहोत असे मनाशी म्हणून हे चित्रपट केलेले नाहीत; त्या मुलांचे बारसे परगावी आणि पालकांच्या गैरहजेरीत झाले.

‘न्वार’ म्हणजे काळा. त्याचे ‘कृष्णपट’ हे रूपांतर वरवर नेटके दिसते, कारण बोलपट, मूकपट, माहितीपट अशी ‘पट’ची कितीतरी घराणी आपल्याकडे आहेत. परंतु मराठी कानाला कृष्णपट म्हणजे गोकुळातल्या कृष्णाचा चित्रपट वाटण्याचा धोका मोठा आहे, आणि ज्या भूमीत दादासाहेब फाळके यांनी १९१८ मध्ये ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि १९१९ मध्ये ‘कालिया मर्दन’ काढले तिथे ही समजूत चुकीची तरी कशी म्हणावी? शिवाय ‘कृष्णधवल’ हा शब्द रंगीत नसलेल्या सर्वच चित्रपटांसाठी आधीच रूढ आहे. ‘काळा चित्रपट’ म्हटले तर काळा बाजार आणि काळा पैसा आठवतो. तो अर्थ न्वारच्या जगाला अगदीच परका नाही, पण संज्ञा म्हणून तो चालणार नाही. ‘रहस्यपट’ हा शब्द चांगला असला तरी वेगळ्या गोष्टीसाठी आहे : रहस्यपटात खुनी कोण हे कळले की प्रेक्षक निश्चिंत होऊन घरी जातो, न्वारमध्ये ते कळल्यावरही कोणाला स्वस्थता लाभत नाही.

म्हणून माझे मत असे की दोन्ही शब्द आहेत तसेच घ्यावेत. मेलोड्रामा मराठीत पुल्लिंगी म्हणून रुळलेला आहे. त्याचे सामान्यरूप ‘कॅमेरा, कॅमेऱ्यात’ या वाटेने ‘मेलोड्राम्यात’ करावे की ‘सिनेमा, सिनेमात’ या वाटेने ‘मेलोड्रामात’ करावे, याविषयी लेखकांत एकवाक्यता दिसत नाही. मला दुसरी वाट अधिक सहज वाटते. नॉयर, नुआर, न्वार या लेखनांपैकी फ्रेंच उच्चाराला जवळचे ‘न्वार’ आहे. आपला ‘पट’ परभाषेतल्या शब्दालाही आनंदाने चिकटतो, हे ‘ॲक्शनपट’ने सिद्धच केले आहे; तेव्हा ‘न्वारपट’ लिहायला हरकत नाही.

आता ‘मिश्रण’. दोन पदार्थ एकत्र ढवळल्यावर त्यांना पुन्हा सहजी वेगळे काढता येत नाही, तेव्हा आपण मिश्रण म्हणतो. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ यांच्या या चित्रपटात तसे घडत नाही. जेम्स एम. केन यांच्या १९४१ च्या मूळ कादंबरीत खून नाहीच. ती नवऱ्यापासून विभक्त झालेल्या, हॉटेलात वाढपीण म्हणून राबून पुढे उपाहारगृहांची मालकीण झालेल्या आणि व्हेडा या मोठ्या मुलीच्या पायी सर्वस्व घालवणाऱ्या आईची कथा आहे. चित्रपटाने या कथेला बाहेरून एक खून जोडला. समुद्रकाठच्या घरात गोळ्या सुटतात, मिल्ड्रेडचा दुसरा नवरा माँटी बेरागन ‘मिल्ड्रेड’ एवढे नाव उच्चारून कोसळतो, आणि मिल्ड्रेडच्या भूमिकेतली, फरचा कोट घातलेली जोन क्रॉफर्ड रात्री धक्क्याच्या कठड्याशी उभी दिसते. पुढची सगळी हकीकत ती पोलिस ठाण्यात बसून सांगते. छायालेखक अर्नेस्ट हॅलर यांनी या दोन भागांना दोन प्रकारचा उजेड दिला आहे : चौकशीच्या चौकटीत काळोख, तिरप्या सावल्या, वळणदार जिना, आठवणींत मात्र कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेल गावातील स्वयंपाकघरातला स्वच्छ, सपाट दिवस. पॅम कुक या अभ्यासिकेने १९७८ मध्ये हा भेद नेमका पकडला होता. आईची कथा मेलोड्रामा सांगतो आणि तिची उलटतपासणी न्वार करतो, असे मी म्हणेन.

अर्थात दोन्ही भाग शेवटपर्यंत अलिप्त राहत नाहीत. खोटे गरोदरपण सांगून दहा हजार डॉलर उकळलेली व्हेडा जिन्यावर आईला थोबाडीत मारते आणि आई तिला घराबाहेर काढते, तो प्रसंग विषयाने शुद्ध मेलोड्रामा आहे, पण तिथवर येईतो घरातही न्वारच्या सावल्या शिरलेल्या असतात. व्हेडा झालेल्या ॲन ब्लाइथची ती थंड नजर मला कुठल्याही पिस्तुलापेक्षा अधिक भयंकर वाटत आली आहे. तरीही हे विरघळणे नव्हे. एका भागाचा धक्का दुसऱ्याला बसतो आहे, इतकेच.

यासाठी मराठीत एक जुना शब्द आहे : सांगड. दोन गोष्टींची सांगड घालणे हे आपण सर्रास लिहितो आणि त्यामागचे चित्र विसरून जातो. सांगड म्हणजे पाण्यातून पार होण्यासाठी दोन होड्या किंवा ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा. त्यात दोन्ही होड्या आपापल्या जागी शाबूत असतात, एकीला लागलेली लाट दुसरीला जाणवते, आणि एकटीने जे ओझे पेलले नसते ते दोघी मिळून पैलतीरी नेतात. दोर कापले तर दोन्ही पुन्हा सुट्या होतात. केन यांची खुनाशिवायची कादंबरी स्वतंत्रपणे उभी आहेच. तिच्यावर दिग्दर्शक टॉड हेन्स यांनी २०११ मध्ये केलेल्या दूरचित्रवाणी मालिकेतही खुनाची ही चौकट नाही.

तेव्हा पहिले वाक्य असे करून पाहावे : ‘“मिल्ड्रेड पिअर्स”मध्ये आईच्या मेलोड्रामाची आणि खुनाच्या न्वारपटाची सांगड घातली आहे.’ ‘सुरेख’ हे विशेषण मी मुद्दाम गाळले आहे. चित्रपटाच्या अखेरीस मिल्ड्रेड पहाटेच्या उजेडात बाहेर पडते तेव्हा त्याच इमारतीत दोन बायका गुडघे टेकून फरशी पुसत असतात. त्या दृश्याचे वर्णन लेखात आले, तर त्या विशेषणाची उणीव वाचकाला भासणार नाही.