‘भगवदज्जुकीयम्’मधला चावटपणा गाळावा का?

प्रश्न : आमच्या विद्यापीठाच्या नाट्यविभागात वार्षिक प्रयोगासाठी ‘भगवदज्जुकीयम्’ हे संस्कृत प्रहसन मराठीत बसवत आहोत, दिग्दर्शन माझ्याकडे आहे. मृत गणिकेच्या देहाला शिष्य हात लावतो तो प्रसंग आणि काही शृंगारिक संवाद गाळावेत, असे एका ज्येष्ठ प्राध्यापकांचे मत आहे. गणिकेचे काम करणारी विद्यार्थिनीही संकोचते. काय करावे?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : संवाद गाळू नका, स्पर्श मात्र त्या विद्यार्थिनीला विचारून, तिच्या संमतीने नव्याने बसवा. तमिळनाडूतील मामंडूरच्या शिलालेखात पल्लव राजा महेंद्रवर्मन याच्या ‘मत्तविलास’ प्रहसनाबरोबर या नाटकाचाही उल्लेख आढळतो. म्हणजे सातव्या शतकात राजाश्रयाने वावरलेला हा विनोद आहे, आणि त्याचा रोख गणिकेपेक्षा वैराग्याच्या बढाईवर अधिक आहे. यमदूत सर्पदंशाने चुकीच्या वसंतसेनेचा, म्हणजे या गणिकेचा, प्राण नेतो, शिष्याला योगसामर्थ्य दाखवायला त्याचा गुरू परिव्राजक, म्हणजे भटका संन्यासी, तिच्या देहात शिरतो, आणि चूक उमगून परतलेला यमदूत तिचा प्राण परिव्राजकाच्या रिकाम्या देहात घालतो. त्यानंतर गणिकेच्या तोंडी शास्त्र येते आणि संन्याशाच्या तोंडी प्रियकर रामिलकाची ओढ. शृंगारिक संवाद काढले तर ही अदलाबदल प्रेक्षकाला जाणवणारच कशी?

मूळ नाटकात ही खूण भाषेत आहे : देह बदलताच गणिका संस्कृत बोलू लागते आणि परिव्राजक प्राकृत. मराठीतही एकाला पोथीची, समासप्रचुर भाषा द्या आणि दुसऱ्याला ठसकेबाज बोली, म्हणजे चेहरा तोच राहूनही माणूस बदलल्याचे शेवटच्या रांगेला कळेल. विष उतरवायला आलेल्या वैद्याला गणिकेचा देह शास्त्राधारे गप्प करतो, तो प्रसंग तर या भाषेवरच उभा आहे. तिथे अंगविक्षेपांची मुळीच गरज नाही.

शिष्य शांडिल्य मात्र नीट समजून घ्या. न्याहारीच्या आशेने बौद्ध भिक्षू झालेला आणि तिथे एकवेळच जेवायला मिळते म्हणून पळालेला हा भुकेला पोरगा आहे. देहाकडे जाणारा त्याचा हातही याच हावरटपणातून येतो, हे नटाला पटले की प्रसंगातला ओंगळपणा आपोआप गळतो. तो हात कुठवर जाईल, किती वेळ थांबेल आणि गुरूच्या कोणत्या शब्दावर मागे येईल, हे तालमीच्या पहिल्याच आठवड्यात तिघांनी मिळून ठरवावे आणि प्रयोगात कोणीही त्यात भर घालू नये. हात देहापर्यंत पोहोचण्याआधीच गुरूने अडवला, तरी हशा तितकाच येईल, असे माझे ठाम मत आहे.

परिव्राजकाचे काम करणाऱ्या मुलाने बायकी आवाज काढून हशा मिळवू नये. त्याने वसंतसेनेचे काम करणाऱ्या मुलीची चाल, बसणे, मान वळवणे बारकाईने उचलावे आणि तिने त्याचे. त्यासाठी निदान काही तालमी दोघांनी भूमिका बदलून कराव्यात.