कॅनडाचं पीआर : गुणांचा हिशेब आणि कागदांची तयारी
(वाचकांचे प्रश्न)

कॅनडात कायमच्या वास्तव्यासाठी (पीआर) कुशल कामगार म्हणून अर्ज करणाऱ्यांची पत्रं या वेळी बरीच आली. त्यांतली सहा निवडली आहेत. सगळी एक्स्प्रेस एन्ट्री या २०१५ पासून चालू असलेल्या केंद्रीय पद्धतीबद्दल आहेत. क्वेबेक प्रांताची निवडपद्धत वेगळी आहे, ती इथे धरलेली नाही.

प्रश्न : माझं वय २९, अविवाहित, एम.टेक., चार वर्षं नोकरी. एजंट म्हणतो, ‘६७ लागतात, तुमचे ७० च्या वर होतात, काम झालंच समजा.’ दीड लाख मागतो आहे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ७.५ बँड आहेत. पैसे भरू का? (ठाणे)

थांबा. एजंटने सांगितलेला ६७ चा आकडा खोटा नाही, पण तो फक्त दारातून आत येण्यापुरता आहे. फेडरल स्किल्ड वर्कर या योजनेत १०० पैकी ६७ मिळाले की तुमची प्रोफाइल इच्छुकांच्या यादीत जाते. त्या यादीतून निमंत्रण कोणाला द्यायचं हे वेगळ्या गुणांवर ठरतं. त्याला सीआरएस म्हणतात आणि ते १२०० पैकी असतात. ६७ चा टप्पा गाठलेले असंख्य जण यादीत वर्षभर राहून निमंत्रणाविना बाहेर पडतात, कारण प्रोफाइलची मुदत बारा महिन्यांचीच असते.

आता तुमचा सीआरएस काढू. वयाचे ११०, पदव्युत्तर पदवीचे १३५. भाषेचे किती, हे ‘एकूण ७.५’ वरून सांगताच येत नाही. तिथे एकूण बँड कोणी बघत नाही, चारही कौशल्यांचे बँड वेगवेगळे घेऊन त्यांची सीएलबी (कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवरची) पातळी काढतात. सीएलबी ९ साठी वाचन, लेखन, संभाषणात ७ पुरतात, पण श्रवणात ८ लागतात. इथेच बहुतेकांचा घात होतो.

समजा एकाला चारही विभागांत ७.५ मिळाले. दुसऱ्याला श्रवणात ८ आणि बाकी तिन्हींत ७. दोघांच्याही निकालपत्रावर एकूण ७.५ च छापून येतं. पहिल्याचं श्रवण सीएलबी ८ वर अडकलं. त्याला भाषेचे १२२ मिळतात, पण शिक्षण आणि अनुभव यांना भाषेची जोड दिल्याबद्दलचे गुण निम्म्यावर येतात, म्हणजे ५०. त्याची बेरीज ४१७. दुसऱ्याला भाषेचे १२४ आणि जोडगुण पूर्ण १००, म्हणजे एकूण ४६९. वय, शिक्षण, अनुभव सगळं सारखं असूनही ५२ गुणांचा फरक! तुमचं निकालपत्र काढून आधी श्रवणाचा आकडा बघा. तो ७.५ असेल तर दीड लाख एजंटला देण्याऐवजी परीक्षेची फी पुन्हा भरा. मात्र दोन परीक्षांतले चांगले विभाग एकत्र करता येत नाहीत. परीक्षा जनरल ट्रेनिंगचीच हवी, ॲकॅडमिकचा निकाल इथे चालत नाही. निकाल दोन वर्षं ग्राह्य असतो आणि तो प्रोफाइल करताना तसाच पुढे पीआरचा अर्ज भरतानाही जिवंत असावा लागतो.

एजंटबद्दल: पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार कॅनडाच्या वकिलांना व परवानाधारक पॅरालीगलना, क्वेबेकच्या नोटरींना आणि ‘कॉलेज’ म्हणजे कॅनडातल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक संस्थेचा परवाना असलेल्यांनाच आहे. परवान्याचा क्रमांक मागा आणि कॉलेजच्या सार्वजनिक नोंदवहीत स्वतः तपासा. प्रोफाइल बनवायला सरकार एक पैसा घेत नाही. खातं तुमच्याच ईमेलवर उघडा, पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. आणि ‘जॉब ऑफर मिळवून देतो, त्याचे ५० गुण वाढतील’ असं कोणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. नोकरीच्या प्रस्तावाचे सीआरएस गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झाले आहेत. खोटं पत्र जोडलेलं सापडलं तर पाच वर्षांची बंदी येते, आणि ती एजंटवर नाही, अर्जदारावर येते.

प्रश्न : मी ३७ वर्षांचा, बी.ई., बारा वर्षांचा अनुभव. पत्नी ३१ वर्षांची, एम.एस्सी. बी.एड., चार वर्षं माध्यमिक शाळेत शिक्षिका. अर्ज अर्थातच माझ्या नावाने करायचा ना? (नाशिक)

‘अर्थातच’ हा शब्द खोडा आणि दोन्ही बाजूंनी बेरीज करून बघा. दोघांनाही सीएलबी ९ मिळाली असं धरू. (जोडीदारासह अर्ज असेल तर वय, शिक्षण, भाषेचे गुण अविवाहितापेक्षा थोडे कमी असतात, कारण काही गुण जोडीदारासाठी राखलेले असतात.)

तुम्ही मुख्य अर्जदार: वय ६०, पदवी ११२, भाषा ११६, जोडगुण ७५, पत्नीच्या शिक्षणाचे १० आणि भाषेचे २०. एकूण ३९३.

पत्नी मुख्य अर्जदार: वय ९०, पदव्युत्तर १२६, भाषा ११६, जोडगुण १००, तुमच्या शिक्षणाचे ८, भाषेचे २०. एकूण ४६०.

तुमच्या बारा वर्षांच्या अनुभवाला इथे तिच्या चार वर्षांपेक्षा जास्त मोल नाही, कारण परदेशातल्या अनुभवाचे गुण तीन वर्षांवर थांबतात. वय मात्र तिशीनंतर दर वाढदिवसाला साधारण पाच गुण खातं, चाळिशीनंतर त्याच्या दुप्पट.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. २०२३ पासून विशिष्ट गटांसाठी वेगळ्या निवडी होतात, आणि २०२५ मध्ये शिक्षण हा गट त्यात आला. माध्यमिक शिक्षक त्यात मोडतात. सप्टेंबर २०२५ च्या फेरीत या गटासाठी किमान गुणांची मर्यादा ४६२ होती. म्हणजे ४६० वर दोन गुण कमी पडले असते. पत्नीने एका विभागात सीएलबी १० गाठली, उदाहरणार्थ लेखनात ७ ऐवजी ७.५, तर तीन गुण वाढून ४६३ होतात. मर्यादा प्रत्येक फेरीत बदलते, त्यामुळे खात्री कोणीच देऊ शकत नाही, पण प्रयत्न कुठे करायचा ते तरी यावरून कळतं.

पीआर मिळणं आणि शिकवण्याचा परवाना मिळणं या निराळ्या गोष्टी आहेत. परवाना प्रांत देतो आणि प्रत्येक प्रांताचे नियम वेगळे. तो अभ्यास निमंत्रणाची वाट बघताना सुरू करा.

प्रश्न : कंपनीचा एचआर विभाग फक्त रिलीव्हिंग लेटर देतो. कामाचं स्वरूप लिहून द्यायला ठाम नकार. मग अनुभव कसा सिद्ध करायचा? (पुणे)

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि अर्ज फेटाळले जाण्याचं हे मोठं कारण आहे. कॅनडाच्या अधिकाऱ्याला पत्रात हवं असतं ते असं: कंपनीचं लेटरहेड, पत्ता, फोन, ईमेल, सही करणाऱ्याचं नाव व पद, तुमची सगळी पदं आणि प्रत्येकाच्या तारखा, प्रत्येक पदावरची कामं, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि भत्ते. आपल्याकडच्या पत्रांत तास जवळजवळ कधीच नसतात. पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला किमान ३० तास. तो आकडा लिहिलेला नसेल तर अधिकाऱ्याने तो गृहीत धरावा अशी अपेक्षा ठेवू नका.

पहिला उपाय: मसुदा तुम्हीच करून द्या. एचआरला लिहायचा कंटाळा असतो आणि जबाबदारीची भीती असते. तयार मसुद्यावर सही मिळण्याची शक्यता खूप जास्त. कामांचं वर्णन तुमच्या व्यवसायाच्या एनओसी (कॅनडाची व्यवसायांची सरकारी यादी) संकेतांकाशी जुळलं पाहिजे, पण त्या यादीतली वाक्यं जशीच्या तशी उतरवू नका. अधिकाऱ्यांना ती यादी पाठ असते आणि नक्कल दिसली की शंका येते. ‘डेटाबेस व्यवस्थापन’ एवढं लिहून थांबू नका. कोणता डेटाबेस, किती जणांची टीम, रोज काय करत होता, ते लिहा.

तरीही नकारच आला तर तुमच्या थेट वरिष्ठाकडून नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र घ्या. त्यात वरच्या सगळ्या गोष्टी हव्यात, शिवाय ते कोणत्या काळात तुमचे वरिष्ठ होते हेही, आणि त्यांच्या नोकरीचा पुरावा सोबत. त्याला नेमणूकपत्र, बढतीची पत्रं, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट जोडा. कंपनी बंद पडली असेल तर पीएफच्या पासबुकातल्या नोंदी फार कामाला येतात. एचआरच्या नकाराचा ईमेल जपून ठेवा आणि नेहमीचं पत्र का देता येत नाही हे सांगणाऱ्या खुलाशासोबत लावा. खुलासा एक पान, त्याहून जास्त नको.

हे सगळं निमंत्रणाआधी गोळा करा. निमंत्रण आल्यावर पूर्ण अर्जाला ६० दिवस मिळतात, आणि त्यात पोलिसांचा दाखला, बँकेचं पत्र, वैद्यकीय तपासणीही बसवायची असते. २१ ऑगस्ट २०२५ पासून तपासणी अर्ज भरण्याआधीच करून घ्यावी लागते.

प्रश्न : पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी. अडचण येईल का? (कोल्हापूर)

येते, पण सुटते. पाया पासपोर्टचा धरा. पदवी मूल्यांकनाचा (आपली पदवी कॅनडातल्या कोणत्या पदवीच्या तोडीची हे ठरवून घेण्याचा) अर्ज, आयईएलटीएसची नोंदणी, प्रोफाइल, सगळीकडे नाव पासपोर्टवर जसं आहे तसं, अक्षरशः तसंच. मूल्यांकनाच्या अर्जात ‘पूर्वीचं नाव’ असा रकाना असतो, तिथे पदवीवरचं नाव भरा आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडा. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र हवं. आडनाव आधी लिहिण्याची आपल्या विद्यापीठांची पद्धत मूल्यांकन करणाऱ्या संस्थांना ओळखीची आहे, तेवढ्यासाठी घाबरू नका. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवलं की पुढे प्रत्येक टप्प्यावर उपयोगी पडतं.

एकच कळकळीची विनंती: प्रक्रिया सुरू झाल्यावर पासपोर्टवरचं नाव बदलायला जाऊ नका. लग्न नुकतंच झालं असेल आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल, तर तोच राहू द्या. मधे नाव बदललं की नवा पासपोर्ट क्रमांक, नवा पोलीस दाखला, प्रोफाइलमध्ये दुरुस्ती अशी माळ लागते.

ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या अधिकृत एकत्रित गुणपत्रिका, विद्यापीठाकडूनच थेट गेल्या पाहिजेत. सीलबंद पाकीट तुमच्या हातात आलं तर उघडू नका, पाकिटावर मूल्यांकनाचा संदर्भ क्रमांक लिहिलेला आहे ना, एवढंच बघा. दोन पदव्यांचे गुण हवे असतील तर दोन्हींचं मूल्यांकन करून घ्या. अहवाल पाच वर्षं चालतो.

प्रश्न : आम्ही चौघं. फ्लॅट ८० लाखांचा आहे, पीएफ आहे, भाऊ दहा लाख द्यायला तयार आहे. निधीची अट पूर्ण होते का? (नागपूर)

निधीची अट म्हणजे तिथे गेल्यावर सुरुवातीला राहण्यापुरते पैसे हाताशी आहेत हे दाखवणं. फ्लॅट मोजत नाहीत. पीएफ काढून बँकेत आल्याशिवाय मोजत नाहीत. कर्जाऊ पैसा तर अजिबात नाही. जुलै २०२५ च्या तक्त्याप्रमाणे चौघांसाठी २८,३६२ कॅनेडियन डॉलर लागतात, म्हणजे १८ लाखांच्या आसपास. हा तक्ता दर वर्षी बदलतो आणि रुपयाही घसरतो, म्हणून वर दीड-दोन लाख जास्तच ठेवा. पत्नी किंवा मुलं सोबत येणार नसली तरी डोकी मोजताना ती धरली जातात.

भावाचे पैसे चालतील, पण बक्षीसपत्र करा, परतफेडीची अट नसल्याचं त्यात स्पष्ट लिहा आणि रक्कम लवकर वळती करा. बँकेच्या पत्रात मागच्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक दाखवावी लागते. अर्जाच्या आदल्या आठवड्यात दहा लाख जमा झाले तर सरासरी कोसळते आणि प्रश्न उभे राहतात. शाखेत ‘बॅलन्स सर्टिफिकेट’ मागितलं की एका ओळीचा कागद हातात पडतो, तो पुरत नाही. खाते क्रमांक, खातं उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी, कर्ज आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी, शाखेचा पत्ता-फोन-ईमेल हे सगळं असलेला मसुदा व्यवस्थापकाला नेऊन द्या. मुदत ठेव कधीही मोडता येते असं बँकेने लिहून दिलं तर तीही चालते.

हा निधी तुमचाच राहतो. सरकारी फी वेगळी: एप्रिल २०२४ च्या वाढीत ती प्रौढाला १,५२५ डॉलर, मुलाला २६० ठरली होती, आणि बायोमेट्रिक्सचे कुटुंबाला जास्तीत जास्त १७०. फी दर दोन वर्षांनी वाढते, भरताना ताजा आकडा बघा.

प्रश्न : फ्रेंच शिकण्याचा खरंच उपयोग होतो का? आणि पीआर मिळालं की आई-वडिलांना नेता येईल का? (पणजी)

फ्रेंचचा उपयोग मोठा आहे. इंग्रजी चांगलं असून फ्रेंचच्या चारही विभागांत सातवी पातळी गाठली तर दुसऱ्या भाषेचे १२ आणि वर ५०, असे ६२ गुण वाढतात. शिवाय फ्रेंच जाणणाऱ्यांच्या वेगळ्या फेऱ्या होतात. मार्च २०२५ मध्ये त्यांची मर्यादा ३७९ पर्यंत उतरली होती. चाळिशीकडे झुकलेल्यांसाठी याच्याइतका खात्रीचा रस्ता आम्हाला दुसरा दिसत नाही. पण सातवी पातळी म्हणजे युरोपीय मोजपट्टीवरची साधारण बी२, नोकरी सांभाळून शून्यापासून दीड-दोन वर्षं धरा. आणि परीक्षा टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडाच द्यायची. डेल्फचं बी२ प्रमाणपत्र कितीही चांगलं असलं तरी इथे धरत नाहीत.

आई-वडिलांना या अर्जात घेता येत नाही. पीआर झाल्यावर सुपर व्हिसा मागता येतो. त्यावर एका भेटीत पाच वर्षांपर्यंत राहता येतं, मात्र किमान एक लाख डॉलरचा, वर्षभराचा आरोग्य विमा आणि तुमच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो. कायमचं बोलावण्याची योजना आहे, पण तिथे आजवर इच्छुकांच्या यादीतून नावं काढत आले आहेत, तिच्या भरवशावर बेत आखू नका. पती-पत्नी आणि २२ वर्षांखालची अविवाहित मुलं मात्र अर्जात दाखवावीच लागतात, सोबत येणार नसली तरी. जे मूल दाखवलंच नाही, त्याला पुढे कुटुंबीय म्हणून बोलावण्याचा हक्क सहसा कायमचा जातो.