'चाचणी तपासणी' आणि 'नमुना निवड' एकच का?

लेखापरीक्षण अहवालात 'चाचणी तपासणी केली' असं असतं, तीच सांख्यिकीय नमुना निवड का, आणि तिला 'नमुना तपासणी' म्हटलेलं चालेल का, असा प्रश्न आहे.

एकच नव्हेत, आणि हा फरक जपायलाच हवा. चाचणी तपासणीत लेखापरीक्षक अनुभवाने ठरवतो काय बघायचं: मोठ्या रकमा, मार्चअखेरचे व्यवहार, शंका आलेलं खातं. चोऱ्या अशाच सापडतात. पण न पाहिलेल्या कागदांबद्दल त्यावरून टक्केवारीत काहीही सांगता येत नाही. 'सांख्यिकीय' म्हणायचं तर आयसीएआयच्या (सनदी लेखापालांच्या संस्थेच्या) एसए ५३० या लेखापरीक्षण मानकानुसार निवड यादृच्छिक हवी, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढावी तशी, आणि नमुन्यावरून निष्कर्ष संभाव्यतेच्या गणिताने काढायला हवा.

समजा, पतसंस्थेत प्रत्येक कर्जप्रकरणावर शाखाधिकाऱ्याची मंजुरीची सही हवी. हे झालं अंतर्गत नियंत्रण. ५ टक्क्यांपर्यंत सही नसणं खपवून घ्यायचं आणि विश्वासपातळी, म्हणजे निष्कर्षाबद्दलची खात्री, ९५ टक्के ठेवायची, तर ५९ प्रकरणं काढावी लागतात आणि त्या सगळ्यांवर सही असावी लागते. कारण खरोखरच ५ टक्के प्रकरणं बिनसहीची असतील, तर ५९ मध्ये त्यातलं एकही न सापडण्याची शक्यता ०.९५ चा ५९ वा घात, म्हणजे ५ टक्क्यांहून जराशी कमी. एक जरी बिनसहीचं निघालं, तर एकूण प्रकरणांत बिनसहीची जास्तीत जास्त किती असू शकतील ती वरची मर्यादा ८ टक्क्यांच्या आसपास जाते आणि त्या नियंत्रणावर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. एकूण प्रकरणं दोन हजार असोत की वीस हजार, ५९ हा आकडा जवळपास तसाच राहतो. हे ऐकून अनेकांना नवल वाटतं.

अशा बिनसहीच्या प्रकरणाला 'चूक' म्हणू नये. कर्ज योग्य असेल, रक्कमही बरोबर असेल. नियम पाळला गेला नाही, एवढंच. 'विचलन' हा नेमका शब्द.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एका भांड्यात सारखा शिजतो. दप्तर तसं नसतं. अधिकारी रजेवर होते त्या पंधरवड्यातच सगळी बिनसहीची प्रकरणं दडलेली असू शकतात. म्हणून तर निवड यादृच्छिक हवी.

'नमुना तपासणी' मात्र टाळावं. सरकारी मराठीत नमुना म्हणजे ठरलेला तक्ता: गाव नमुना सात, ग्रामपंचायतीचे नमुना १ ते ३३. ग्रामपंचायतीच्या अहवालात 'नमुना तपासणी' वाचून नेमकं काय तपासलं ते कळणारच नाही. 'वानगी' हा शब्द मला फार आवडतो, पण वानगी दाखवतो माल विकणारा, त्याने निवडलेली. इथे निवड तपासणाऱ्याकडेच हवी.

तेव्हा अहवालात लिहावं: 'कर्जमंजुरीच्या नियंत्रणासाठी ५९ प्रकरणांची यादृच्छिक नमुना निवड केली, विचलन आढळले नाही.' आणि प्रकरणं स्वतःच्या अंदाजाने काढली असतील, तर सरळ 'चाचणी तपासणी' लिहावं.