भोपळ्यातली म्हातारी

प्रश्न : तिसरीच्या वर्गात ‘म्हातारी माणसं’ म्हटलं की मुलं कमरेत वाकून, काठी टेकून दाखवतात आणि हसतात. कोणती गोष्ट घेऊ?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : बाई, ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ घ्या. मुलांना ती पाठ असते, पण म्हातारीकडे कुणी नीट पाहिलेलं नसतं. ती एकटी जंगलातून लेकीकडे निघते, वाघाला ‘तूपरोटी खाऊन जाडजूड होऊन येते’ म्हणून थोपवते. अंगात बळ नाही, पण केवढं धैर्य! मी शिकवताना इथेच थांबून विचारायचे, “तिला भीती वाटली असेल का?” एकदा एक मुलगा हळूच म्हणाला, “माझी आजी रात्री एकटी अंगणात जायला घाबरते.” त्या दिवशी भोपळा जंगलातच राहिला. सगळे आपापल्या आजीबद्दल बोलत बसले.