मुखपृष्ठाला भुलू नकोस

कॉमिक्स जमवताना अंक १ दिसला की दुर्मीळ समजून झडप घालू नकोस. १९९१ चा ‘एक्स-मेन’ अंक १ ऐंशी लाखांहून जास्त छापला गेला; मुखपृष्ठं पाच, गोष्ट एकच! त्यातली चार मीही घेतली होती, हसू नकोस. दुर्मीळ कसला, पैशाला पासरी.

जुन्यात ‘वॉचमेन’ घे, १९८६-८७ चे बारा अंक. पानावर बहुतेक नऊ चौकटी. मजकूर वाचून झाला की परत फिर आणि मागच्या भिंतीवरची पोस्टरं बघ, अर्धी गंमत तिथे आहे. नव्यात २०१२ ला सुरू झालेली ‘सागा’ मला आवडते, पण मधल्या खंडांत जरा रेंगाळते.

आणि हो, अंक उभे ठेव, मागे आम्लमुक्त पुठ्ठा लाव. आडव्या गठ्ठ्यात तळाच्या अंकांचा कणा मोडतो.