जुन्या ओव्हनचा तडकलेला रॉड: वेल्डिंग नको, नवाच घाला

ताई, तुमच्या ओटीजीचा (ओव्हन-टोस्टर-ग्रिलचा) खालचा तापणारा रॉड मधोमध तडकलाय आणि मेकॅनिक वेल्डिंग करून देतो म्हणतोय. कृपा करून त्याला नाही म्हणा. बाहेर दिसते ती नळी नुसतं कवच आहे. आत नायक्रोमची, म्हणजे करंटने तापणाऱ्या मिश्रधातूच्या तारेची, बारीक कॉइल असते आणि ती नळीला टेकू नये म्हणून मधे मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. वेल्डिंगने नळी जुळेल, आतली तार नाही. तार नळीला चिकटली तर करंट थेट पत्र्यात.

ओव्हन मात्र भंगारात देऊ नका. जुना पत्रा जाड असतो, रॉड बदलला की तो पुन्हा छान चालेल.

आधी दुसरा रॉडही तपासा. प्लग काढा, मागचं झाकण उघडा, वायरींचा फोटो घ्या आणि रॉडची एक वायर सोडवून मल्टिमीटर ओमवर लावा. आकडा किती यायला हवा? 230 व्होल्टचा वर्ग भागिले रॉडचे वॉट, म्हणजे 500 वॉटच्या रॉडला साधारण 106 ओम. काही ओव्हनमध्ये दोन रॉड सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेले असतात. एक तुटला की दोन्ही थंड पडतात. तिथे हे गणित जोडीला मिळून लावायचं.

नवा रॉड आणायला लोहार चाळीत, म्हणजे मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारात जाल तेव्हा जुना सोबत न्या. लांबी, टोकांची बैठक, व्होल्ट, वॉट सगळं जुळलं पाहिजे. जास्त वॉटचा घेऊ नका. केक खालून करपतो आणि थर्मोस्टॅटचे पॉइंट जळतात. जोडणी स्क्रू घट्ट आवळून करा. सोल्डर उष्णतेने वितळतं, साधी पीव्हीसी वायरही टिकत नाही. ग्लास फायबर स्लीव्हची वायर मागा.

आता आपल्या मुंबईच्या हवेचं. रॉडमधली ती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ओलावा शोषते आणि करंट थोडा थोडा नळीत गळतो. पावसाळाभर बंद ठेवलेला ओव्हन लावताच आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा घरातला स्विच) पडतो, तो बरेचदा यामुळे. रॉड काढून दुसऱ्या ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोनेक तास तापवला की बहुतेक वेळा गळती थांबते. ही गळती मल्टिमीटरला दिसेलच असं नाही, इलेक्ट्रिशियनकडून 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, तपासून घ्या. ट्रिप थांबावं म्हणून कोणी अर्थिंगची वायर कापू लागला, तर त्याला तिथेच थांबवा. ओल्या हातांनी आपण त्याच पत्र्याला हात लावतो.